हमीदाची उंडी

"मुकादम, नोकरी घे माझी. पण ह्याला करवत लागणार नाय," मोहिद्दीन म्हणाला आणि सरळ त्या वाकड्या लाकडावर बसला.

रास अल खैमाच्या खाडीवर गलबतं बांधायचा कारखाना होता. साल पासष्ट. मालकाने, म्हणजे अरबाबने, शिडाच्या गलबतात इंजिन बसवायचं मनावर घेतलं होतं. इंजिनाखालचे ठोकळे कठीण लाकडाचेच हवेत, आणि तेवढं कठीण लाकूड तिथे शिल्लक एकच, मोहिद्दीनची उंडी, म्हणजे कोकणच्या किनाऱ्यावरच्या उंडीच्या झाडाची ती वाकडी फांदी. मुकादम खैरुद्दीन मूळचा श्रीवर्धनचा. उंडी म्हणजे काय हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. पण अरबाबची मर्जी म्हटली की गावाकडचं सगळं त्याच्या डोक्यातून उडून जायचं.

मोहिद्दीनचं घर रत्नागिरीकडच्या एका बेटावर. तिथे उंडीच्या बियांच्या तेलावर दिवे जळत, तेच तेल होड्यांना चोपडत, आणि होडीच्या बरगड्याही उंडीच्याच. त्यांच्या घरात बरगडी कापून वाकडी करत नसत, झाडावरच वाकवत. लग्नाच्या वर्षी त्याच्या बायकोने, हमीदाने, कोवळ्या फांदीला दगड बांधला. नवरा आखातात, आणि ही दर पावसाळ्याआधी दोर सैल करून पुन्हा बांधायची. अशी अठरा वर्षं. यंदा ती तापाने गेली. मेव्हण्याने फांदी उतरवून गलबतावरून धाडली, सोबत तेलाची एक बाटली. मोहिद्दीन तिच्या मातीला पोचला नव्हता. त्याच्या हाती लागलं ते एवढंच.

खैरुद्दीनने आधी समजूत घातली, मग दम भरला. शेवटी करवत चालवणाऱ्या दोघांना पुढे घातलं. लाकडावर दोराचा खोल वळ उमटला होता. मोहिद्दीनने त्यावर पंजा पसरून ठेवला आणि इथूनच कापा म्हणून सांगितलं. दोघांनी करवत खाली ठेवली.

"खलास. ऊठ, चालता हो," खैरुद्दीन म्हणाला. आवाज चढा होता, पण नजर जमिनीवर.

मोहिद्दीनने उंडी खांद्यावर घेतली, हत्यारांची पिशवी उचलली आणि निघाला. मान खाली गेली नाही. खाडीच्या टोकाला एका म्हाताऱ्या अरब मच्छीमाराची होडी मोडक्या बरगडीपायी महिनाभर पडून होती. हमीदाने उंडी वाकवली होती ती बरगडीसाठीच; दोन दिवसांत मोहिद्दीनने ती होती त्याच वाकाने त्या होडीत बसवली. म्हाताऱ्याने वळावरून अंगठा फिरवला आणि घासून टाक, अशी रंध्याकडे खूण केली.

"नको. बायकोचा हात हाय तो," मोहिद्दीन मराठीतच म्हणाला.

म्हाताऱ्याला किती कळलं कोण जाणे. त्याने अंगठा काढून घेतला. मोहिद्दीनने बाटली उघडली आणि बोटाने त्या वळात तेल भरलं.