सगुणाबाईंनी स्वतःसाठी घेतलेली साडी

मी साडी बोलतेय. हिरवी, सुती, बारीक पिवळ्या काठाची. आधी माफी मागते. माझ्यासाठी हे कागदावर उतरवतोय तो दिपेश, सगुणाबाईंचा मुलगा. नववीत त्याची शाळा सुटली. ऱ्हस्व-दीर्घ कुठे चुकलं असेल, शब्दही साधेच असतील, तर सांभाळून घ्या. मलाही मोठे शब्द येत नाहीत. माझा जन्म मालेगावच्या यंत्रमागावरचा. तिथे एवढा खडखडाट असतो की फारसं काही कानावर पडत नाही.

माझ्याबरोबर विणलेल्या साड्या डोहाळजेवणाला गेल्या, हळदीला गेल्या. मी कोपरखैरण्याच्या एका दुकानात फळीवर बसून होते. दोन वर्षांपूर्वी सगुणाबाई आल्या. त्यांनी मला उलटीसुलटी करून पाहिलं, सूत बोटांत चोळलं.

"फॉल-पिको करून देऊ का, मावशी?" दुकानदाराने विचारलं.

"नको. ही नेसून चालायचं नाहीये."

"म्हणजे गिफ्ट द्यायचीय."

"तसंच समजा," त्या म्हणाल्या.

घरी आल्यावर त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं, तेव्हा मलाही कळलं. सवाष्ण बाई गेली की तिची शेवटची हिरवी साडी माहेरहून येते, अशी त्यांच्याकडची रीत. सगुणाबाईंचे भाऊ हौसेराव वारले, भावजय मुलीकडे पुण्याला गेली, माण तालुक्यातल्या घराला कुलूप लागलं. साडी आणायला माहेरी कुणी उरलं नाही. म्हणून त्यांनी स्वतःच माहेर होऊन मला आणलं.

तेवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. सीवूड्सला एका गाळ्यात एक ऑफिस आहे. तिथे माणूस जिवंत असतानाच आपल्या अंत्यविधीचे पैसे भरून ठेवतो. गाडी, बांबू, मडकं, गुरुजी, दहावं, सगळं ते लोक बघतात. सगुणाबाई घरोघरी पोळ्या लाटतात. त्या कमाईतून त्यांनी पैसे भरले. फॉर्मवर पेहरावापुढे लिहिलं, 'हिरवी साडी, घरची'. आंघोळ घालून साडी कोण नेसवणार, या रकान्यात नणंदेचं नाव घातलं. नणंदेला विचारलं नाही. जबाबदार नातेवाईक म्हणून सही करायला फॉर्म नवऱ्यापुढे धरला.

शहाजीराव मसाला मार्केटात माथाडी होते. पोती उचलून खांदा एका बाजूला उतरलेला. त्यांनी फॉर्म लांब धरून वाचला.

"माझ्या आधी जायचं ठरवूनच टाकलंस की. मला इचारलं न्हाईस."

"विचारलं असतं तर नाही म्हणाला असता."

"म्हनलोच असतो."

"म्हणून नाही विचारलं."

त्यांनी सही केली आणि चहा मागितला. मला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून लोखंडी कपाटाच्या वरच्या खणात ठेवलं. सोबत डांबराच्या दोन गोळ्या.

माणसं कपाट उघडतात तेव्हा त्यांचा चेहरा सरळ समोर येतो. लग्नाला निघालेला चेहरा वेगळा, पैसे शोधणारा वेगळा. मी सगळे पाहिले. सगुणाबाई महिन्यातून एकदा मला हाताने चाचपून बघायच्या, जसं कुणी गॅस बंद केलाय का ते बघतं, आणि निवांत पोळ्यांना जायच्या.

गेल्या फेब्रुवारीत शहाजीराव बाजारात जेवणाच्या सुट्टीत बसल्या जागी गेले. त्यांच्यासाठी आधीपासून काहीच ठरवलेलं नव्हतं. लोक धावपळ करत होते. कोरं धोतर शोधायला शहाजीरावांच्या थोरल्या बहिणीने, पुतळा आत्यांनी, कपाट उघडलं. त्यांचा हात माझ्यावर पडला.

"हे काय गं? हिरवं कोरं?"

 तेव्हा बायका सगुणाबाईंच्या बांगड्या उतरवत होत्या.

दीड महिन्याने सीवूड्सच्या ऑफिसातून नमिता मॅडमचा फोन आला. सगुणाबाई फोन स्पीकरवर टाकूनच बोलतात, म्हणून मला ऐकू आलं.

"काकू, काका गेल्याचं कळलं. त्यांची सही होती ना, तिथे आता दुसऱ्या नातेवाइकाचं नाव लागेल. आणि पेहराव पण बदलून घेऊ का? नाही म्हणजे, आता परिस्थिती बदलली ना. आमच्याकडे पांढरी येते पॅकेजमध्ये. वेगळा चार्ज नाही."

"रविवारी नणंद येणार आहेत. त्यांच्याशी बोलून सांगते," सगुणाबाई म्हणाल्या.

रविवारी आत्या करंजाड्याहून आल्या. सगुणाबाईंनी मला काढून कॉटवर ठेवलं. दिपेश दाराजवळ स्टुलावर बसला होता. तो महापेच्या एका कंपनीत पॅकिंगला आहे. चार माणसांत त्याला बोलता येत नाही. घरातली तीन माणसंसुद्धा त्याला चार वाटतात.

"वन्सं, मला हीच नेसवायची. तुम्ही नेसवाल ना?"

"अगं, शहाजी गेला. आता हिरवं कसं चालंल?"

"ही त्यांनी घेतलेली नाही. माहेरची म्हणून मी घेतली. नवरा गेला म्हणून माहेर जातं का?"

"तुझं माहेर दुकानात हाय व्हय? लोक काय म्हनतील?"

"म्हणू दे. मी थोडीच ऐकायला असणार आहे."

"तू नसशील. मी असंन की. बायका माझ्या तोंडाकडं बघत्याल." आत्यांनी पदराने डोळे टिपले. त्या दुष्ट नव्हत्या, हे मी सांगून ठेवते. "न्हाऊ घालीन, कुंकू सोडून सगळं करीन. पन हिरवं माझ्या हातानं नेसवायचं न्हाई. आणि मी न्हाई म्हनल्यावर भावकीतली दुसरी कोन हात लावतीय?"

हे खरं होतं. सगुणाबाईंना मुलगी नाही, आणि दिपेशचं लग्न झालेलं नाही.

माझ्या पिशवीवरून हात फिरवत सगुणाबाई दिपेशकडे वळल्या. "तुझं काय म्हणणं?"

दिपेश मोबाईलकडे बघत म्हणाला, "बघू."

मी बऱ्याच घरगुती गोष्टी पाहिल्या आहेत, पण 'बघू' म्हटल्यावर एखाद्या बाईचा हात असा थांबलेला पाहिला नव्हता. सगुणाबाईंनी माझी पिशवी सरळ केली, मला परत खणात ठेवलं आणि आत्यांना म्हणाल्या, "जेवून जा. उद्या मी त्या मॅडमना सांगते, पांढरी लिहा म्हणून." जेवण झालं. वांग्याच्या भाजीवर बोलणं झालं. माझ्यावर नाही.

म्हणून त्या दिवशी मला वाटलं, आता मी कुणाची तरी भेट होणार. एखाद्या शेजारणीच्या ओटीत पडणार, तिथून तिच्या जावेकडे. हिरव्या साड्यांचं असंच होतं. वाईट वाटलं असं म्हणणार नाही, मी कापड आहे. पण माझं ज्या बाईशी ठरलं होतं तिच्याच अंगावर मी जावं, एवढं मनात होतं. आणि एक सांगते, मला घाई कधीच नव्हती. ज्या दिवशी माझी घडी मोडेल त्या दिवशी सगुणाबाई नसतील. म्हणून मला खणात जितकी वर्षं पडून राहता येईल तितकी राहू द्या, डांबराच्या गोळ्या तेवढ्या बदलत जा. तुमच्याही घरात कुणी स्वतःसाठी असं काही घेऊन ठेवलं असेल, तर हसण्यावारी नेऊ नका आणि 'बघू'ही म्हणू नका. ते कुठे ठेवलंय आणि कसं वापरायचंय, एकदा बसून विचारून घ्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिपेश कामाला गेला नाही. त्याने कपाट उघडलं, तेव्हा वाटलं मलाच काढतोय.

"तिची घडी मोडू नको," आतून सगुणाबाई म्हणाल्या. "देणार असलास तरी कोरीच दे."

त्याने कपाट उघडंच ठेवलं आणि दोरीवरची आईची रोजची साडी ओढली. गादीची वळकटी केली, कॉटवर आडवी ठेवली.

"झोपलेल्या माणसाला कशी नेसवतात?"

सगुणाबाई ओल्या हाताने दारात येऊन उभ्या राहिल्या. "तुला कशाला? हे बायकांचं काम."

"आत्या नाही म्हणाली. मग मीच."

"पोरानं आईला साडी नेसवायची? लाज नाही वाटणार?"

"वाटेल," दिपेश म्हणाला. "सांग."

 त्या हात पुसून कॉटच्या कडेला बसल्या. "आधी कमरेखालून सरकव. उचलायला एक माणूस लागेल. खेचू नको, फाटते." त्याच्या निऱ्या वाकड्या आल्या. पदर उलट्या खांद्यावर गेला. "मेल्यावर मला ओळखायचं नाही कुणी," त्या म्हणाल्या, आणि हसता हसता तोंड फिरवलं.

दहा वाजता त्याने सीवूड्सला फोन लावला. वाजण्याआधीच दोनदा कट केला. तिसऱ्यांदा आईसारखाच स्पीकरवर टाकून बोलला.

"मॅडम, पेहराव तोच ठेवा. हिरवा. नातेवाईक म्हणून माझं नाव घाला."

"बरं. आणि नेसवणार कोण? नणंदच ना?"

"नाही. मी."

"मुलगा?"

"हो."

पलीकडून कागदाचा आवाज आला. "लिहिलं," त्या म्हणाल्या.

दिपेशने फोन ठेवला, वळकटीवरची साडी सोडली आणि पुन्हा पहिल्यापासून नेसवायला घेतली.