उतारावरचा ठोकळा

मी एक जुना ठोकळा आहे. ज्याला काही समजत नाही त्याला लोक ठोकळा म्हणतात, ते मला ठाऊक आहे. पण मित्रांनो, मला एक गोष्ट चांगली समजते. ती म्हणजे भीती. उतारावर उभ्या असलेल्या गाडीच्या चाकाखाली मला लावतात. चाकाला खाली जायचे असते आणि मला ते जाऊ द्यायचे नसते. एवढेच माझे काम. ते करताना मी एकदाही निर्धास्त नव्हतो.

माझा जन्म बसच्या कारखान्यात झाला. एक जुनी बस मोडीत निघाली होती. तिच्या तळाची लाकडी तुळई जाड आणि काळी होती. ब्रेकचे काम करणाऱ्या एका तरुण कारागिराने ती कापली, एक बाजू करवतीने तिरकी केली, तळाला टायरची पट्टी खिळ्यांनी ठोकली आणि मला तयार केले. त्याला सगळे मिस्त्री म्हणत. वजनाने मी पाच किलोंचा भरलो. मिस्त्री मला हातात तोलून म्हणाला, "बाळसं चांगलं आहे."

कारखान्यात एक पद्धत होती. बसखाली शिरण्याआधी माणूस ओरडायचा, "ठोकळा!" ज्याने मला चाकाखाली लावले असेल त्याने उत्तर द्यायचे, "आहे!" ते ऐकल्याशिवाय कोणी गाडीखाली शिरायचे नाही. मी तिथे असताना एकदाच ही पद्धत चुकली. त्या माणसाच्या पायाचे काय झाले ते मी सांगणार नाही. त्या दिवसापासून मिस्त्री झोपेत असला आणि कोणी "ठोकळा" म्हटले, तरी त्याच्या तोंडून "आहे" निघायचे. त्याची बायको हे सगळ्यांना हसून सांगायची.

बायको म्हणजे दवाखान्यातली नर्स. शेजारीपाजारी तिला सिस्टर म्हणत. तिने तीस वर्षे लोकांना सुया टोचल्या आणि मिस्त्रीने बत्तीस वर्षे लोकांचे ब्रेक घट्ट केले. दोघेही एकाच वर्षी निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी साहेबांनी विचारले, आठवण म्हणून काय देऊ? मिस्त्रीने मला उचलून काखेत मारले. सिस्टर दारात उभी होती. ती म्हणाली, "माणसं निवृत्त होताना घड्याळ आणतात. आमच्याकडे लाकूड आलं."

त्यानंतर तीन वर्षे मी स्वयंपाकघराचे दार अडवून बसलो. ते दिवस मला आठवायला आवडत नाहीत. येणारा जाणारा मला पायाने सरकवायचा. माझ्या तळाची पट्टी फरशीवर घासून गुळगुळीत झाली. दाराला कुठे जायचेच नव्हते, मग मी कशाला अडवायचे?

मग मिस्त्रीने एक छोटा ट्रक आणला आणि त्याच्या पाठीवर लाकडाची खोली बांधायला घेतली. आठ महिने तो अंगणात ठोकाठोक करत होता. खोलीत दोघांपुरता पलंग झाला, दोन बर्नरची शेगडी आली, एक खिडकी बसली, आणि मागे दार आणि घडीची पायरी. घर पाठीवर घेऊन ती गाडी फाटकाबाहेर पडली तेव्हा लेकीने तिचे नाव ठेवले गोगलगाय. नाव ठेवले आणि लगेच म्हणाली, "बाबा, गोगलगाय आणि पोटात पाय असं व्हायला नको. सगळं तपासलंय ना?"

"मला शिकवतेस?" मिस्त्री हसला.

खरे सांगायचे तर सगळे नीट केले नव्हते. हाताने ओढायच्या ब्रेकची तार जुनी झाली होती, तिचे दोन पदर तुटले होते. मिस्त्रीला ते माहीत होते. जगाचे ब्रेक त्याने नीट केले, स्वतःच्या गाडीचा मात्र "उद्या बघू" यादीत गेला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. इंजिनही म्हातारे होते. गिअरमध्ये टाकून उभे केले तरी चढावर ते दम धरत नसे. म्हणजे सगळा भार कोणावर? तर माझ्यावर.

आम्ही खूप हिंडलो. डोंगर पाहिले, तळी पाहिली, धुके इतके दाट पाहिले की सिस्टर दिवा घेऊन गाडीपुढे चालली होती. मुक्काम आला की मिस्त्री पायाने ब्रेक दाबून धरी आणि ओरडे, "ठोकळा!" सिस्टर खाली उतरे, मागच्या दाराआतल्या कोपऱ्यातून मला उचले, चाकाखाली सारी आणि ओरडे, "आहे!" मगच त्याचा पाय ब्रेकवरून उठे. तो उठला की तीन टनांची गाडी हळूच मागे येऊन माझ्यावर बसे. त्या क्षणी दर वेळी माझ्या मनात यायचे, आज मी सरकणार. माझी पट्टी झिजली होती आणि हे माझ्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हते. आत ती दोघे पत्ते खेळत, एकमेकांना लबाड म्हणत, हसत. खाली मी खडीत रुतून मोजत असे, अजून किती तास.

आता त्या दिवसाचे सांगतो.

सकाळी मिस्त्रीने वळण चुकवले. फलक समोर होता, पण त्याला तो दिसला नाही. चूक कळून त्याने गाडी वळवली तेव्हा मागचे चाक दरीच्या काठावरून गेले. दोन खडे खाली पडले. ते तळाला पोचल्याचा आवाजही आला नाही.

सिस्टरने खिडकीतून खाली पाहिले. मग म्हणाली, "आता पुरे. पुढच्या गावातून घरी वळा. तुमचे डोळे तपासायला हवेत."

"डोळ्यांना काय झालंय?"

"फलक केवढा होता!"

"तुला मी तुझ्या वॉर्डातला पेशंट वाटतो. गादीवर झोपवायचं आणि चादर खोचायची."

"पेशंट बरे. ते ऐकतात तरी."

झाले. तिथून अबोला सुरू झाला.

त्यांच्या अबोल्याची एक तऱ्हा होती. एकमेकांशी बोलायचे नाही, वस्तूंशी बोलायचे. सिस्टर शेगडीला सांगे, "शेगडीबाई, पाणी संपलं हो." मिस्त्री स्टिअरिंगला सांगे, "चल बाबा, पुढे नळ दिसला की थांबू." एरवी मला याचे हसू येई. त्या दिवशी नाही आले.

दुपारी एका चढावर रस्त्याकडेला मोकळी जागा दिसली. सगळीकडे खडी. गाडीचे तोंड वर, पाठ उताराकडे. मागे आठ पावलांवर पाण्याचा नळ होता आणि नळाला लोखंडी खांब. खांबाच्या पलीकडे जमीन संपत होती. खाली कुठेतरी तळे चमकत होते.

मिस्त्रीने पायाने ब्रेक दाबला. हाताचा ओढला. आता ओरडायची वेळ होती. तो ओरडला नाही. अबोला होता ना! आधी बोलणारा हरला, असा तो खेळ.

सिस्टर उतरली. तिने मनात म्हटले, आज हाक नाही मारली. म्हणजे मला काम सांगायचं नाहीये. लावतील स्वतःच. ती पायरी न उघडताच मागच्या दाराने कशीबशी आत चढली आणि तिने दार रागाने आपटले.

तो धप्प आवाज मिस्त्रीने ऐकला. मला खडीत टाकताना अगदी असाच आवाज होतो. त्याने मनात म्हटले, लावला. बोलायचं नसेल तर नको बोलू.

त्याने ब्रेकवरचा पाय उचलला. गाडी हाताच्या ब्रेकच्या जुन्या तारेवर जेमतेम टिकली.

मी दाराआड कोपऱ्यात होतो, मित्रांनो. कोरडा. माझ्यावर काहीच भार नव्हता. गाडी उतारावर उभी होती, माणूस ब्रेकवरून उठला होता आणि माझ्यावर भार नव्हता. इतके हलके मला आयुष्यात कधी वाटले नाही, आणि इतकी भीतीही. लाकडाला तोंड नसते. मी काय करणार?

मिस्त्री कॅन घेऊन खाली गेला. नळ सोडला आणि गाडीकडे पाठ करून उकिडवा बसला. सिस्टरने शेगडी पेटवली, चहाचे भांडे ठेवले. खालून तारेचा एक पदर तुटल्याचा आवाज आला. टिक्. तिला वाटले शेगडी तापतेय. मग दुसरा. टिक्.

तिच्या हातून काड्यापेटी पडली. ती उचलायला वाकली आणि तिने मला पाहिले.

ती आधी नुसतीच पाहत राहिली. रोज दिसणारी वस्तू नको तिथे दिसली की माणसाला ती ओळखायलाही वेळ लागतो. मग चहाचे भांडे आपोआप दाराच्या बाजूला सरकले.

तिने दार ढकलले, मला दोन्ही हातांनी उचलले आणि अबोला मोडून ओरडली, "अहो, ठोकळा!"

आणि मिस्त्रीने मागे न बघता, पाण्याच्या आवाजातून, खुशीत उत्तर दिले, "आहे!"

बायको बोलली याचाच त्याला आनंद झाला होता. आपण जिंकलो असे त्याला वाटले. बाकीचे काम जिभेने केले. इतक्या वर्षांची सवय. विचारले की आहे म्हणायचे.

"आहे काय आहे! माझ्या हातात आहे!"

आता तो वळला. त्याने गाडी पाहिली. गाडी येत होती. धावत नव्हती, तुटक्या तारेला ओढत, खडी चुरडत, सावकाश येत होती. एक पाऊल बाजूला झाला असता तर वाचला असता. गाड्यांचे वजन त्याच्याइतके कोणाला ठाऊक होते? पण दारात सिस्टर उभी होती. तो सरळ गाडीवर धावून आला आणि दोन्ही हात मागच्या फळीला लावून तिला थोपवू लागला.

"बाजूला व्हा! अहो, बाजूला व्हा!"

"तू उतर आधी!"

पायरी घडी केलेलीच होती. तिच्या गुडघ्यांना दोन वर्षे जिना चढवत नव्हता. तिने मला छातीशी धरले आणि उडी मारली. ती गुडघ्यावर पडली, कोपरावर पडली, पण मला सोडले नाही. खडीतून सरपटत तिने मला मागच्या डाव्या चाकाखाली सारले.

चाक माझ्यावर आले.

मी सरकलो. ज्याची मला सगळा जन्म भीती वाटत होती, तेच झाले. गुळगुळीत पट्टी खडीवरून घसरू लागली. चाक मला उताराकडे ढकलत होते, मी खडी ढकलत होतो. मिस्त्रीच्या टाचा मागे मागे जात होत्या. त्याच्या पुढे गाडी, पाठीमागे नळाचा खांब. दोन हात अंतर राहिले. मग एक हात. सिस्टर काय ओरडत होती ते मला कळले नाही. मग माझी तिरकी कड खडीतल्या एका रुतलेल्या दगडाला अडली. सगळे वजन एकदम माझ्यात शिरले. माझ्या पोटात कडकन आवाज झाला आणि मी मधोमध तडकलो.

पण गाडी थांबली.

मिस्त्रीची पाठ आणि खांब यांच्यामध्ये एक वीत उरली होती. तो आडवा होऊन त्या फटीतून बाहेर आला. नळ अजून वाहत होता. त्याने मोठे दगड आणून चारही चाकांमागे लावले. मग आत जाऊन शेगडी विझवली. मग तो सिस्टरजवळ खडीत बसला, आणि तिच्या गुडघ्यांवरचे खडे झाडू लागला.

सिस्टरच्या दोन बोटांची नखे काळीनिळी झाली होती. तरी ती दवाखान्यातल्या आवाजात म्हणाली, "हात दाखवा. दोन्ही."

"मी 'आहे' का म्हणालो?" तो म्हणाला. "मी बघितलंसुद्धा नाही. का म्हणालो गं मी 'आहे'?"

"आणि मी का नाही विचारलं?"

"तू मेली असतीस."

"मी नाही, तुम्ही. गाडीला कुणी हातांनी अडवतं का? एवढे मोठे मिस्त्री!"

"तू आत होतीस ना," तो म्हणाला, आणि रडला. मी त्याला रडताना पहिल्यांदाच पाहिले.

गाडी दोन दिवस तिथून हलली नाही. येणाऱ्या एका ट्रकवाल्याकडून मिस्त्रीने तार मागवली. गाडीखाली तो झोपला आणि सिस्टरने त्याला पाने, पक्कड हातात दिली, ऑपरेशनमध्ये देतात तशी. बारीक खिळा त्याला दिसेना, तेव्हा त्याने स्वतःहून म्हटले, "डोळे तपासायला हवेत." सिस्टरने खिळा त्याच्या तळहातावर ठेवला. जिंकल्यावर गप्प बसणे हे तिला जमत असे.

डोळ्यांवर उपचार झाले. जाड चष्मा आला. मला दोन लोखंडी पट्ट्या आवळून बसवल्या आणि तळाला नवे टायर लावले. लेकीने नवे पिवळे रबरी ठोकळे पाठवले, तेही लावतात. हाक आणि उत्तर मात्र बंद झाले. आता मिस्त्री ब्रेक दाबून बसतो, सिस्टर आम्हाला लावते आणि पुढे त्याच्या दाराशी जाते. मग ती ब्रेकवर बसते, आणि तो उतरून, वाकून, मला हात लावून बघतो. दोघांनी बघितल्याशिवाय पाय उठत नाही. वेळ लागतो. मागच्या गाड्या भोंगे वाजवतात. वाजवू देत.

मित्रांनो, भांडण कोणाच्या घरात होत नाही? खुशाल भांडा. रुसा, भांडी आपटा, शेगडीशी बोला. पण ज्यावर दुसऱ्याचा जीव आहे, तेवढे विचारण्यापुरते तरी तोंड उघडा. आणि "आहे" असे उत्तर आले तरी त्यावर विसंबू नका. जीभ सवयीने बोलते. वाकून डोळ्यांनी बघा. आपल्या माणसाची काळजी अशी वाकूनच घ्यावी लागते.

आज आम्ही पुन्हा एका चढावर उभे आहोत. वर ती दोघे दुपारची झोपली आहेत. पट्ट्यांच्या आत माझी भेग दुखते आहे, वजन सगळे माझ्यावर आहे. मी घाबरलेलो आहे, आणि तसूभरही हललेलो नाही.