चादर धरणारी

स्पेनमधल्या मोंताल्बा गावच्या दुःखी मातेचे, म्हणजे मेरीच्या मूर्तीचे, कपडे वर्षातून बऱ्याचदा बदलले जातात, पण गावाचं खरं लक्ष असतं ते ईस्टरच्या पवित्र आठवड्याआधीच्या बदलाकडे. तो चर्चमागच्या खोलीत, दार लावून होतो. मातेला चेहरा आणि दोन हात तेवढे आहेत. बाकी सगळा लाकडी सांगाडा, आणि डोकं म्हणाल तर केस नसलेला गुळगुळीत गोटा. हे सगळ्या गावाला ठाऊक आहे आणि कुणी बोलत नाही. म्हणूनच "पुरुष बाहेर!" अशी आरोळी झाली की पाद्रीसुद्धा टोपी उचलून चालू लागतो.

आतले कपडे बदलायचे ते सेविकांनी. सगळ्यांत नवी सेविका मूर्ती आणि दार यांच्यामध्ये चादर धरून उभी राहते. माता झाकली गेली की तिनं चादर सोडायची आणि हाक मारायची, "माता तयार आहे!" ती हाक आल्याशिवाय एकही पुरुष उंबरा ओलांडत नाही. हाकेनंतर सजवणारा आत येतो. चेहऱ्याभोवतीची लेस, तिच्या घड्या, टाचण्या हे त्याचं काम. सजवणारा पुरुषच असतो. का, ते आजवर कुणी विचारलेलं नव्हतं.

कित्येक वर्षं हे काम एलादियोकडे होतं. तो नवऱ्यामुलींचे झगे शिवायचा. त्याच्या घरी कोर्दोबाचा एक गृहस्थ राहायचा, त्याला सगळं गाव "एलादियोचा चुलतभाऊ" म्हणायचं. मातेची मिरवणूक काढणाऱ्या बंधुसंघाचे प्रमुख दोन फेर्मीन (आपल्याकडे 'राव' तसं तिकडे मानानं 'दोन', आणि बाईला 'दोन्या') दर नाताळात त्या चुलतभावाची तब्येत विचारत. माताही खूश, गावही खूश. मग चुलतभाऊ वारला. एलादियो मालागाला गेला आणि दोन हिवाळ्यांनंतर परत आला तो आंपारो नावाची बाई होऊन. झगा, कानांत मोती, नवी कागदपत्रं. बिघडलं ते तिथं.

लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासांच्या, पहिल्या आठवड्यात संघाची बैठक झाली. मी वार्ताहर म्हणून मागच्या बाकावर होतो.

"आम्ही तुला काढतोय असं मुळीच नाही," दोन फेर्मीन म्हणाले. "पँट घालून ये. नाव एलादियोच राहू दे. बाकी घरी तू काय करतोस, ते आजवर कुणी विचारलं का?"

"चुलतभावाबद्दल विचारायचात की दर नाताळात," आंपारो म्हणाली.

मागून कुणीतरी हसलं. दोन फेर्मीन लाल झाले.

"रोमहून लेखी आलंय ना, की माझ्यासारखीला बाप्तिस्मा घेता येतो, धर्ममाता होता येतं? फादर, तुम्ही वाचलंय."

फादर कास्तो चष्मा पुसत बसले होते. ते कधीच कुणाची बाजू घेत नाहीत आणि यालाच ते शहाणपण समजतात. "रोमनं बाप्तिस्म्याबद्दल सांगितलंय," ते म्हणाले. "टाचण्यांबद्दल रोमनं काही सांगितलेलं नाही."

"मला दुसरं काही नको, फादर. मातेची लेस मला लावू द्या. मिरवणुकीत चालवू नका, फोटोत उभी करू नका. तेवढी लेस."

तेव्हा दोन्या रेयेस उठल्या. त्या मुख्य सेविका. बिशपनं सक्ती केली आणि बायकांना पुरुषांसारख्या पश्चात्तापाच्या टोकदार टोप्या घालून मिरवणुकीत चालता येऊ लागलं, त्या वर्षी "बायकांनी असलं सोंग करू नये" म्हणून खिडक्या लावून घरात बसलेल्या बाई त्या. आवाज मात्र गोड.

"मला कळत नाही, एवढं भांडण कशासाठी," त्या म्हणाल्या. "हा म्हणतो, मी बाई आहे. सरकार म्हणतं, बाई आहे. मग असू दे ना बाई! बाईची जागा आत. सेविका म्हणून आत घेऊ."

आंपारोनं मान वर केली.

"फक्त सगळ्यांत नवी सेविका चादर धरते," दोन्या रेयेस पुढे म्हणाल्या. "आणि बायका टाचण्या लावत नाहीत. कधीच लावल्या नाहीत. हो ना गं, पात्रो?"

पात्रो माझी मामेबहीण, तीही सेविका. चाळिशीपासून ती मातेच्या लेसला इस्त्री करते आहे, आता साठी उलटली. ती म्हणाली, "आम्हाला कधी कुणी विचारलंच नाही, दोन्या रेयेस."

"तेच म्हणते मी. नाहीच लावत. टाचण्यांसाठी एसिहा गावचा सजवणारा, नान्दो, येईल. माता तयार झाली की आमच्या या नव्या बाईनं त्याला हाक मारायची. झालं!"

आता सगळेच हसले. दोन फेर्मीनना सगळ्यांत जोरात हसू आलं, कारण त्यांची मान सुटली होती. बाहेर पडताना एक जण दुसऱ्याला म्हणाला, "बाई व्हायचं होतं ना? घे म्हणावं, धर चादर!" आंपारोनं ते ऐकलं. तिनं एवढंच विचारलं, "चादर धरणारीनं हाक मारेपर्यंत कुणी आत येत नाही, हे माझ्यासाठीही चालेल ना?"

"नियम सगळ्यांना सारखा," दोन्या रेयेस म्हणाल्या.

पुढचं खोलीतलं मला पात्रोनं सांगितलं. दाराबाहेरचं मी स्वतः पाहिलं.

कपडे बदलायच्या दुपारी अंगणात तळलेल्या गोड पावांचा वास होता. कुठल्याशा सेविकेनं मधात बुडवलेले तोर्रिहास आणले होते. नान्दो अंगणात उभा राहून ते खात होता. देखणा माणूस, बोटांना मध लागलेला. आंपारो आली तशी तो म्हणाला, "हात धुवून घेतो हं. तुम्ही हाक मारा म्हणजे झालं."

"मारते," ती म्हणाली.

"पुरुष बाहेर!" दोन्या रेयेसनी आरोळी दिली. आम्ही आधीच बाहेर होतो. तरी सगळे एक पाऊल मागे सरकले, आणि एकूण एक नजर आंपारोकडे गेली. ती उंबऱ्यावर थांबली. इतकी वर्षं या आरोळीला ती आमच्यातच मागे सरकत आली होती.

"ये बाई, ये," दोन्या रेयेस आतून म्हणाल्या. "की आमंत्रणपत्रिका पाठवू?"

ती आत गेली. दार लागलं.

एकीनं चादर तिच्या हातात अशी टेकवली, की बोटाला बोट लागू नये. ती प्रथेप्रमाणे मातेकडे पाठ करून दाराकडे तोंड करून उभी राहिली. मागे सेविकांनी जुना काळा पोशाख उतरवला, पांढरे परकर चढवले, आणि दोन्या रेयेसनी स्वतः लाकडी डोक्यावर पांढरी टोपी बांधली. त्या टोपीवरच लेस चढते.

"झालं," दोन्या रेयेस म्हणाल्या. "मार हाक. जोरात मार, नान्दोला ऐकू जाऊ दे."

आंपारोनं चादर सोडली नाही. ती वळली आणि म्हणाली, "पात्रो, जरा धर गं."

पात्रोनं धरली. तिनं मला शपथेवर सांगितलं की तिचा काही विचार नव्हता; कुणी जड काही दिलं की आपण धरतो, तशी धरली. मी ते लिहून घेतलं. विश्वास ठेवायचा की नाही ते ठरवलेलं नाही.

आंपारो सरळ मूर्तीपाशी गेली आणि टोपीची गाठ सोडून तिनं टोपी काढली.

खोलीत एकच ओरड झाली. ती आम्हाला बाहेरही ऐकू आली. माता उघड्या लाकडी डोक्यानं उभी होती आणि टोपी आंपारोच्या झग्याच्या खिशात होती. दुसऱ्या खिशातून तिनं टाचण्यांची डबी काढली.

"वेडा झालास का?" दोन्या रेयेस किंचाळल्या. "टोपी दे! टोपी दे म्हणते!"

"देणार नाही. लेस लावायच्या आधी मीच बांधीन."

"पात्रो, हाक मार! त्यांना आत बोलव, ओढून काढू दे याला!"

पात्रोनं मूर्तीकडे पाहिलं. "अशी? उघड्या डोक्यानं दाखवू मातेला? फेर्मीनला, नान्दोला?"

दोन्या रेयेसनी दाराकडे तोंड केलं, तोंड उघडलं आणि मिटलं. आयुष्यभर ज्या डोक्यावर त्यांनी पुरुषाची नजर पडू दिली नाही, ते डोकं आता त्यांच्या एका हाकेनं सगळ्या संघासमोर उघडं पडलं असतं. स्वतः विणलेल्या जाळ्यात त्या अशा अडकल्या.

बाहेर दोन फेर्मीननी दार ठोठावलं. "काय चाललंय? झालं का?"

त्यांनी पुन्हा थाप मारली.

"दोन्या रेयेस! झालं का?"

"व्हायचंय!" दोन्या रेयेस ओरडल्या. तो आवाज रडका होता की संतापाचा, ते मला ओळखू आलं नाही.

"आत जाऊ का?" नान्दोनं विचारलं.

"कुठं जातोस?" दोन फेर्मीन त्याच्यावरच खेकसले. "हाक आलीय का?"

पुढे बराच वेळ दारावर थापा पडत राहिल्या. फादर कास्तो अंगणातल्या बाकावर बसून जपमाळ ओढत होते. आत आंपारो दातांत टाचण्या धरून काम करत होती. तिनं आधी टोपी पुन्हा बांधली. लगेच एक सेविका दाराकडे धावली, पण पात्रोनं चादर आडवी केली. "हाक चादर धरणारीनं मारायची," ती म्हणाली, "आणि मी तर नुसती धरलीय. कोण मारणार ते तुम्हीच ठरवा." ठरेना. एक टाचणी तिच्या अंगठ्यात गेली, तो तिनं तोंडात घालून चोखला, लेसवर थेंब पडू दिला नाही. कुणी तिला फडकं दिलं नाही. शिव्या मात्र सगळ्यांनी दिल्या. एक म्हणाली, "नरकात जाशील." दुसरी म्हणाली, "तिथंही कुणाला तरी सजवत बसेल मेला."

शेवटी ती परत येऊन पात्रोकडून चादर घेऊन उभी राहिली. मग तिनं चादर खाली सोडली आणि हाक मारली.

"माता तयार आहे!"

आम्ही सगळे दारातून एकदम घुसलो. नान्दो पुढे गेला, मान तिरकी करून त्यानं बघितलं. "डावी बाजू वाकडी आहे," तो म्हणाला. खरं होतं. डाव्या गालाजवळची घडी खाली उतरली होती.

"उतरवा सगळं," दोन फेर्मीन म्हणाले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "आत्ताच्या आत्ता उतरवा. नान्दो, तू पुन्हा लाव. आणि हा माणूस इथून कायमचा बाहेर. आजपासून संघातही नाही."

नान्दोनं लेसकडे हात नेला. त्याच्या मनगटावर दोन्या रेयेसचा हात पडला.

"उतरवायचं म्हणजे टोपी सुटणार," त्या म्हणाल्या.

"मग?"

"मग पुरुष बाहेर."

"दोन्या रेयेस, ही काय वेळ आहे का..."

"पुरुष बाहेर!" ही आरोळी मी आजवर ऐकलेल्यांपैकी सगळ्यांत मोठी होती. दोन फेर्मीननी फादरकडे बघितलं. फादर टोपी उचलून केव्हाच चालू लागले होते. नान्दो गेला, मी गेलो, शेवटी दोन फेर्मीनही गेले. गर्दीबरोबर आंपारोही दाराकडे निघाली. तिच्या हातात टाचण्यांची डबी होती.

"तू कुठं निघालीस?" दोन्या रेयेसनी विचारलं.

आंपारो थांबली. दार लागलं.

दोन्या रेयेस मूर्तीसमोर उभ्या राहिल्या. बाहेर दोन फेर्मीननी एकदा ठोठावलं.

"तू मला आवडत नाहीस," दोन्या रेयेस म्हणाल्या. "तेव्हा नव्हतास, आता तर मुळीच नाहीस. त्यांनी तुला संघातून काढलं ते बरंच केलं. मी मत देईन."

"द्या," आंपारो म्हणाली.

"पण त्या मधाच्या बोटांच्या माणसाला मातेला हात लावू देणार नाही, आणि फेर्मीनच्या हुकमानं मातेला दुपारभर सोलत बसणार नाही. डावी बाजू नीट कर. आणि ऐक, पुढच्या वर्षी चादर तुझ्या हातात दिसणार नाही."

"मग ती मी धरते," पात्रो म्हणाली, "आणि हाकही मीच मारीन." तिनं खाली पडलेली चादर उचलून घडी घातली होती, आणि तिच्या दातांत आंपारोच्या डबीतली एक टाचणी होती.