अडवलेली खुर्ची

ग्रंथपालबाईंनी खिडकीजवळच्या खुर्चीवरची पिवळी पिशवी उचलली आणि टेबलावर आपटली. वाचनकक्षातल्या तीसएक माना एकदम वर झाल्या. पुस्तकांच्या कपाटाआडून एक मुलगी हे बघत होती. जागा अडवल्याची तक्रार तिनेच केली होती. नाव सांगणार नाही, असा शब्दही बाईंकडून घेतला होता.

"ही कुणाची?"

टेबलाशी नेहमीचं त्रिकूट बसलं होतं. एक ताडमाड मुलगा, एक चष्मेवाली आणि एक बाराही महिने टोपी घालणारा. तिघांचे देश तीन, भाषा तीन, पण एकाच वहीत डोकी खुपसून बसायचे. कपाटाआडच्या मुलीची भाषा बोलणारं मात्र अख्ख्या विद्यापीठात कुणी नव्हतं.

गेल्या सोमवारी ती त्याच खुर्चीवर बसली होती. चष्मेवालीचं गणित अडलेलं तिला दिसलं. तिने न विचारताच ते कागदावर सोडवलं, कागद पुढे सरकवला आणि लाजून पळाली. दुसऱ्या दिवशी खुर्चीवर पिशवी. तिसऱ्या दिवशीही तीच. चौथ्या दिवशी तर ताडमाडने तिला दारातच पाहून पालथा हात हलवला, जा म्हणून. आपला आगाऊपणा नडला, असं समजून ती आल्यापावली परतली. त्यानंतर रोज दारापर्यंत यायचं, पिशवी बघायची आणि मागे फिरायचं, हेच चाललं होतं.

"सुट्टीपर्यंत तरी कळ काढ गं," आई फोनवर म्हणाली होती. तरी तिने घरी परतायचं शनिवारचं तिकीट काढून टाकलं. पण जाण्याआधी या शिष्टांची एकदा चांगली जिरवायची, हेही ठरवलं.

"पंधरा मिनिटांच्या वर रिकामी जागा अडवायची नाही, पाटी वाचता येते ना?" बाई म्हणाल्या. "तिघांची कार्डं द्या. दोन आठवडे इकडे फिरकायचं नाही."

परीक्षा दहा दिवसांवर होती. टोपीवाल्याचं तोंड एवढंसं झालं.

"अडवली नाही, मॅडम," चष्मेवाली उठून म्हणाली. "तिथे एक मुलगी बसते."

"नाव?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"नाव नाही माहीत." चष्मेवालीने वहीतून घडी घातलेला कागद काढला. "पण हे तिने सोडवलंय. अजून चार अडलीत, ती तिच्यासाठी ठेवलीत."

"रोज दारापर्यंत येते," ताडमाड म्हणाला. "मी बोलावतो तिला, असं." त्याने पालथा हात हलवला. "आमच्याकडे असंच बोलावतात. पण ती पळूनच जाते."

"आम्हीच तिला आवडत नसू," टोपीवाला पुटपुटला.

"बिननावाची मुलगी! छान थाप आहे. कार्डं?"

तीन कार्डं टेबलावर आली.

कपाटाआड तिने सगळं ऐकलं होतं. दार सहा पावलांवर होतं. निघून गेली असती तर कुणाला कळलंही नसतं. स्वतःची इतकी लाज तिला कधी वाटली नव्हती. ती कपाटाआडून बाहेर आली, खुर्ची ओढली आणि बसली.

"मी बसते इथे."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "अगं, तूच तर मघाशी..."

"हो. तक्रार मीच केली." तिने मान वर केली नाही. "चुकलं माझं."

बाईंनी कार्डं तशीच टेबलावर सोडली आणि "आवाज नको" म्हणत त्या निघून गेल्या.

टोपीवाल्याने तिच्याकडे न बघता आपलं कार्ड खिशात घातलं. ताडमाड खिडकीबाहेर बघत राहिला. आता ऊठ म्हणतील, म्हणून तिने दप्तराचा पट्टा घट्ट धरला.

चष्मेवालीने पिशवीची घडी घातली. मग वही तिच्यापुढे सरकवली. चार गणितांभोवती पेन्सिलने गोल केलेले होते.

"उद्यापासून पिशवी आणणार नाही मी," चष्मेवाली म्हणाली. "तूच नऊला येऊन बस."

तिने पेन्सिल उचलली. पहिलं गणित तिला नीट दिसत नव्हतं.

"शनिवारी पण?"

"शनिवारी आठला. गर्दी असते."

"येते," ती म्हणाली.