किल्लीवाल्याच्या घरचं कुलूप

डोंगरातल्या त्या देवस्थानी लोक मनःशांतीसाठी येतात म्हणे. किल्लीवाला आला तो डोक्यात भुंगा घेऊनच. घरातून निघताना तो खाली रिक्षात सामान चढवत होता आणि वर दार बायकोने लावलं. त्यांच्या दाराचं कुलूप किल्ली दोनदा फिरवली की पक्कं बसतं. जिन्यातून त्याला खट असा आवाज एकदाच आला. दुसरा आलाच नाही. बायकोचं बोलणं त्याच्या कानावरून गेलं असतं, पण उभा जन्म कुलपांत घालवलेल्या माणसाच्या कानातून कुलपाचा आवाज सुटणं शक्य नव्हतं.

"अहो, लावलंय मी नीट," बायको बसमध्ये म्हणाली.

"एकदाच फिरवलीस."

"दोनदा."

"मला एकदाच ऐकू आलं."

"मग कान तपासून घ्या परत गेल्यावर."

बस घाट चढत होती. दोन्ही बाजूंना झाडांची एवढी दाटी की भर दुपारी ड्रायव्हरने दिवे लावले होते. बाकीची मंडळी खिडकीला नाक लावून बसली होती. किल्लीवाल्याने त्या सगळ्या जंगलातलं एक झाड धड पाहिलं असेल तर शपथ. तो आपला मनातल्या मनात पुन्हा पुन्हा जिन्याखाली उभा राहत होता आणि कान देऊन ऐकत होता.

संध्याकाळी लॉजवर खोली मिळाली. दाराला लोंबणारं कुलूप त्याने तळहातावर घेतलं, उलटंसुलटं केलं आणि कपाळाला हात लावला.

"हे केसातल्या पिनेने उघडेल."

"मग उघडू नका," बायको म्हणाली आणि पंख्याचं बटण शोधू लागली.

आता, चोराला भिण्यासारखं त्या घरात काही होतं असं नाही. भांडीकुंडी, शिलाई मशीन, एक टीव्ही. पण त्या कुलपाशी किल्लीवाल्याचं वेगळंच नातं होतं. पोरीने त्याच्या मनाविरुद्ध लग्न केलं आणि ती घरातून गेली, त्याच संध्याकाळी त्याने दाराचं जुनं कुलूप काढून हे बसवलं होतं. जुन्याची किल्ली तिच्या पर्समध्ये होती. ती आता कशाला लागणार नाही, हे त्याला पोरीला कळवायचं होतं, आणि तोंडाने सांगण्यापेक्षा कुलपाने सांगणं त्याला सोपं गेलं. त्यानंतर बापलेकीचं एका अक्षराचंही बोलणं नव्हतं. तिला मुलगी झाल्याचं बायकोने दुकानात येऊन सांगितलं, तेव्हा त्याने किल्ल्या कापायचं मशीन सुरू केलं आणि बायको जाईपर्यंत बंद केलं नाही. असा हट्टी माणूस. रात्री झोपताना त्या बंद दाराकडे बघून त्याला बरं वाटायचं असंही नाही. पण ते उघडं असेल, या विचाराने मात्र त्याचा जीव टांगणीला लागला होता.

सकाळी तो बायकोच्या आधी उठून बूट घालून बसला.

"पहिल्या बसने निघू."

"देवाच्या दारात येऊन दर्शन न घेता?"

"देव कुठे जात नाही. पुढच्या वर्षी येऊ."

"मी नाही येणार," बायको म्हणाली. "तुम्ही जा हवं तर. घरी गेल्यावर भाताचा कुकर स्वतः लावा म्हणजे झालं."

एरवी ही बाई देवासमोर उदबत्ती लावायलाही आळस करायची. यात्रेचं खूळ तिच्या डोक्यात अचानक शिरलं होतं, आणि तारीखही तिनेच पक्की केली होती. शिवाय जी बाई फोन पिठाच्या डब्यावर विसरते, ती कालपासून तो मुठीत धरून फिरत होती. आंघोळीला जातानाही बरोबर नेला. किल्लीवाल्याला हे दिसलं, पण त्याच्या डोक्यात कुलूप बसलेलं, त्यामुळे दुसरं काही शिरायला जागाच नव्हती.

रांग डोंगराच्या अंगाने वर गेली होती. वर पत्र्याचं छप्पर, कडेला लोखंडी नळ्यांचा कठडा, पलीकडे फुलवाल्या बायका आणि त्यांच्या टोपल्यांवर डोळा ठेवून बसलेली माकडं. खाली झाडांच्या फटीतून बस स्टँड दिसत होता. किल्लीवाला सारखा तिकडेच बघत होता. एक बस वळून घाटाला लागली.

"गेली बघ."

"जाऊ दे."

"घर सताड उघडं असेल तर?"

"नसेल हो. गप्प उभे राहा जरा. मागची माणसं हसतायत."

रांग सरकत गेली. देऊळ दिसायला लागलं, घंटांचे आवाज जवळ आले. आता अगदी दोन वळणं राहिली असतील, आणि बायकोच्या मुठीतला फोन वाजला.

"आलेच हं, घशाला कोरड पडलीय," असं म्हणून ती कठड्याखालून वाकून पलीकडे गेली आणि फुलवाल्यांच्या मागे जाऊन उभी राहिली. पाण्याचा नळ होता दुसऱ्या बाजूला. किल्लीवाल्याने मान लांब केली. ती फोनवर हात धरून हळू बोलत होती, पण पलीकडच्याला ऐकू जात नसावं, कारण तिचा आवाज चढत गेला.

"नाही फिरत? नीट घातलीस ना आत? ... मग लाव जरा जोर."

"जोर लावू नकोस!" किल्लीवाला रांगेतून ओरडला. "आतच तुटेल!"

रांगेतली माणसं दचकली. तोही दचकला. कोणाचं कुलूप, कोणाची किल्ली, काही ठाऊक नसताना त्याच्या तोंडून ते निघून गेलं होतं. बायकोने मान वळवली. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

तो कठड्याखालून पलीकडे गेला. "कोणाचं कुलूप अडकलंय?"

बायकोने फोन छातीशी धरला.

"अगं, कोणाचं?"

"आपलं."

सांगायला लाज वाटते, पण किल्लीवाल्याच्या मनात पहिला विचार आला तो असा की, म्हणजे लागलं होतं तर नीट! दुसरा विचार यायला थोडा वेळ लागला, आणि आला तेव्हा त्याने हळूच खाली दगडावर बसून घेतलं.

"ती आलीय?"

"आज संध्याकाळी विमान आहे तिचं. नवऱ्याला नोकरी लागलीय परदेशात. परत कधी यायला जमेल, त्यांनाच माहीत नाही." एकदा सुरू झाल्यावर बायकोला थांबता येईना. "मी भेटले तिला मागच्या आठवड्यात, बाहेर. ती म्हणाली, आई, घर एकदा बघायचंय, पोरीला दाखवायचंय. तुम्ही घरात असताना कशी बोलावणार होते? म्हणून तुम्हाला इकडे आणलं. तुम्ही केस कापायला गेलात तेव्हा दुकानात बसून मीच किल्ली कापली आणि तिला दिली."

"कोणत्या किल्लीवरून?"

"तुमच्या. म्हटलं, किल्लीवाल्याची स्वतःची किल्ली म्हणजे चोखच असणार."

किल्लीवाल्याने डोळे मिटले. घरात चोख किल्ली एकच होती, बायकोची. कुलपाबरोबर आलेली. स्वतःसाठी त्याने त्या संध्याकाळी रागारागात कानशीने एक घासली, तिचा एक दात खोल गेला, आणि तेव्हापासून तो दार ओढून, किल्ली वर दाबून तिच्याशी जुळवून घेत होता. हाताला सवय झाली होती. लोकांच्या किल्ल्या केसाच्या फरकाने नाकारणारा माणूस रोज असली किल्ली वापरतो, हे तो कोणत्या तोंडाने सांगणार?

फोनमधून बारीक आवाज येत होता. "आई? आई, खाली टॅक्सी थांबलीय. राहू दे. जाते मी."

त्याने नुसतं गप्प बसायचं होतं. काही करायची गरजच नव्हती. दार बंद होतं, बंदच राहिलं असतं, आणि हे सगळं त्यालाच तर हवं होतं. रांग पुढे सरकली, त्यांची जागा दुसऱ्यांनी घेतली. बायको त्याच्याकडे बघत उभी होती. रडत नव्हती, विनवणीही करत नव्हती.

"दार आपल्याकडे ओढायला सांग," तो म्हणाला.

"दार ओढ गं," बायको फोनमध्ये म्हणाली.

"आणि किल्ली वर दाबून धरायची. मग फिरवायची."

"आणि किल्ली वर ओढ."

"ओढ नाही, दाब!"

"तेच सांगतेय ना!"

"तेच नाही ते! बाहेर येईल ती ओढली तर. आण इकडे." आणि त्याने फोन हिसकावून घेतला.

"नाही होत, आई," पोरगी म्हणाली.

"आई नाही."

पलीकडे किल्लीची खुडबुड थांबली. मग एक चिमुकला आवाज आला, "उघड ना गं!"

किल्लीवाला दोनदा खाकरला. "कडी धर. दार घट्ट आपल्याकडे ओढ. ओढलंस?"

"हो."

"किल्ली पूर्ण आत. आता ती वरच्या बाजूला दाब, अंगठ्याने. जोर करायचा नाही. सावकाश फिरव."

त्याने फोन कानात खुपसल्यासारखा धरला. घंटा, माणसं, माकडं, सगळं त्याच्या लेखी नाहीसं झालं. खट. त्याने श्वास धरला. "अजून एकदा." खट.

दार करकरलं. छोटी पावलं आत धावत गेली. पोरगी काहीतरी म्हणणार होती, पण तिला रडू फुटलं.

किल्लीवाल्याने खाली स्टँडकडे पाहिलं. आता बस धरली तरी तो घरी पोचेपर्यंत तिचं विमान उडून गेलेलं असणार होतं. सकाळच्या बसने निघालो असतो तर! कालपासून घरी जायचा धोशा त्यानेच लावला होता, आणि आता जावंसं वाटत होतं तर रस्ताच पुरणार नव्हता. त्याला कोणावर चिडावं तेच कळेना.

"बाबा," पोरगी म्हणाली, "दहा मिनिटं बसते फक्त. किल्ली जाताना शेजारच्या काकूंकडे ठेवते."

"कशाला?"

"तुम्हाला..."

"काकूंकडे नको. तुझ्याजवळच ठेव," तो म्हणाला. त्याचा आवाज फाटला, तरी तो बोलत राहिला. "वाईट आहे किल्ली, कशी लावायची ते कळलंय तुला. मी ते कुलूप आता बदलणार नाही."