नसलेला निकाल

“सत्यासाठी वकिलानं प्राणसुद्धा पणाला लावले पाहिजेत,” असं अ‍ॅडव्होकेट श्रीरंग देवस्थळींनी जाहीर केलं, तेव्हा त्यांच्या उजव्या कानामागे दाढीचा साबण वाळत होता आणि पायांत दोन वेगवेगळे मोजे होते.

“प्राण सावकाश लावा, आधी कान पुसा,” त्यांच्या पत्नी सुरुचीताई म्हणाल्या. “म्हणजे खरंच सांगणार आहात जजना?”

“बिल्कुल.”

“मग पोहे पोटभर खा. उपाशीपोटी तुम्ही फार बोलता.”

झालं होतं असं. शेवंताबाई मोहिते ही श्रीरंगरावांची अशील. नवरा मंत्रालयातल्या नोकरीतून निवृत्त झाला आणि वारला. मागे राहिला दिल्लीतल्या मयूर विहारमधला फ्लॅट आणि त्या फ्लॅटमधला भाडेकरू. भाडेकरू म्हणे, साहेबांनी फ्लॅट मलाच विकायचं तोंडी कबूल केलं होतं. साहेब येऊन नाही म्हणणार नव्हते, म्हणून तो निर्धास्त होता. बाई तेव्हापासून नोएडाला लेकीच्या हॉलमधल्या सोफ्यावर झोपत होत्या आणि जावई तो सोफा बदलायचा विषय वरचेवर काढत होता.

भाडेकरार पक्का होता. पण लेखी युक्तिवादात वरच्या कोर्टांचे निकाल जोडल्याशिवाय वकिलाला जेवण अळणी लागतं. श्रीरंगरावांचा नोएडातला पुतण्या गौरव, त्यानं त्यांच्या फोनवर एआय घालून दिलं होतं. “काका, हे सगळं लिहून देतं, फक्त तपासून घ्या,” असं तो म्हणाला होता. काकांनी वाक्याचा पहिला अर्धा भाग ऐकला. आपल्या उपयोगाचा तेवढाच भाग ऐकायची वकिलांना जन्माची सवय असते.

मशिननं झकास निकाल दिला. पक्षकारांची नावं, वर्ष, पान, सगळं जागच्या जागी. तोंडी कबुलीवर घर बळकावणाऱ्या भाडेकरूंना त्यात असं झोडपलं होतं की श्रीरंगरावांनी तो परिच्छेद सुरुचीताईंना मोठ्यानं वाचून दाखवला. इतका सोयीचा निकाल आजवर कुठल्याच कोर्टानं त्यांना दिला नव्हता, तेव्हाच शंका यायला हवी होती. युक्तिवाद दाखल झाला. विरुद्ध बाजूच्या खुराना वकिलांनी त्याला लेखी उत्तरही दिलं.

या कोर्टातल्या जजबाईंची एक रीत होती. तोंडी युक्तिवादाच्या दिवशी प्रत्येक निकालाची प्रत हवी, आणि कामाच्या ओळी पेन्सिलीनं अधोरेखित. त्या प्रती काढायला श्रीरंगराव आदल्या दिवशी बसले आणि निकाल सापडेना. कोर्टाच्या वेबसाइटवर नाही, कपाटातल्या खंडांत नाही. त्या पानावर एका साखर कारखान्याचा अबकारी कराचा तंटा होता. शेवटी त्यांनी मशिनलाच विचारलं. त्यानं मनःपूर्वक दिलगिरी व्यक्त केली आणि बदली दोन निकाल दिले. त्यांतला एक खरा निघाला, पण तो म्हशीच्या नुकसानभरपाईचा होता. खोटं पकडल्यावर इतकी शालीन माफी श्रीरंगरावांनी उभ्या वकिलीत एकाही अशिलाकडून ऐकली नव्हती.

कोर्टाच्या कॉरिडॉरमध्ये त्यांनी शेवंताबाईंना बाकावर बसवलं आणि सगळं सांगितलं.

“कोणाच्या लक्षात आलंय का?” बाईंनी विचारलं.

“कोणाच्याच नाही.”

“आणि तुम्ही बोललात तर माझा फ्लॅट जाईल?”

“जायला नको. पण जजबाईंचा आपल्यावरचा विश्वास उडू शकतो. केस लांबेल. वकील बदलायचा असेल तर आत्ता सांगा, मी कागद देतो.”

मग श्रीरंगरावांनी उरलेलंही सांगून टाकलं. केस समजावून देताना त्यांनी बाईंच्या घरातलं सगळंच त्या मशिनमध्ये लिहिलं होतं, जे त्यांना न विचारता लिहायला नको होतं.

“जावयाचंसुद्धा?”

“तेही.”

“मग काय म्हणालं ते?”

“तुमची बाजू घेतली. पण ते जो विचारेल त्याची बाजू घेतं.”

“तरी आमच्या घरात तेवढंसुद्धा कोणी करत नाही,” बाई म्हणाल्या. मग पदर सारखा करून म्हणाल्या, “वकील नाही बदलायचा. जा, बोला. सोफ्यावर मी आहेच.”

तेवढ्यात खुराना आले. श्रीरंगरावांनी त्यांनाही आधी कल्पना दिली, तो रिवाजच आहे. खुरानांचा चेहरा उतरला.

“देवस्थळीजी, यार, क्यों पंगा ले रहे हो? मैंने जवाब दे रखा है उस जजमेंट का.”

“आपने पढ़ा था?”

“आपने दिया था, तो पढ़ना क्या?”

इतक्या वर्षांच्या स्नेहाला याहून मोठी पावती मिळाली नसती. पण श्रीरंगराव हलले नाहीत. तेव्हा खुरानांनी स्नेह खिशात घातला आणि बजावलं, की मग मी तर म्हणणार, पूरा केस ही झूठा है.

पुकारा झाला. श्रीरंगराव उभे राहिले. अमुक परिच्छेदातला निकाल अस्तित्वात नाही, मी तो न वाचता दिला, तो मागे घेतो, असं त्यांनी सांगितलं. खुराना लगेच उठले आणि फसवणूक, फसवणूक म्हणू लागले.

श्रीरंगरावांच्या मुलीच्या वयाच्या जजबाईंनी शांतपणे पानं उलटली. खुरानांच्या लेखी उत्तरावर त्या थांबल्या. आपण इथे लिहिलंय की त्या निकालातली वस्तुस्थिती आणि या केसमधली वस्तुस्थिती यांत मूलभूत फरक आहे, तर तो फरक कोणता, एवढंच त्यांनी विचारलं.

खुराना खाली बसले. फरक खरोखरच मूलभूत होता. इथली वस्तुस्थिती घडलेली होती.

मग जजबाई श्रीरंगरावांकडे वळल्या. पुढे असं होणार नाही याची हमी काय?

“मशीन मी सोडणार नाही, मॅडम,” श्रीरंगराव म्हणाले. “तारखा लावायला, माझं इंग्रजी सरळ करायला ते उपयोगी पडतं. पण निकाल मी कोर्टाच्या रेकॉर्डवरून काढीन आणि शेवटच्या ओळीपर्यंत स्वतः वाचीन, मगच सही करीन. अशिलाची खाजगी गोष्ट त्यात घालणार नाही. यात दोष मशिनचा नाही. खाली सही माझी आहे.”

जजबाईंनी आदेश सांगायला सुरुवात केली. तो परिच्छेद वगळला. श्रीरंग देवस्थळींची चूक आणि कबुली, दोन्ही नावानिशी नोंदवली. खुरानांना न वाचता उत्तर दिल्याबद्दल लेखी खुलासा मागितला. दावा भाडेकरारावरच ऐकू, म्हणून पुढची तारीख दिली. टायपिस्टनं श्रीरंगरावांना आडनाव पुन्हा विचारलं. त्यांनी ते एकेक अक्षर करून नीट सांगितलं.

बाहेर आल्यावर त्यांनी कोट सारखा केला. नाव आता कायमचं रेकॉर्डवर गेलं होतं. शेवंताबाईंपुढे उभं राहून त्यांनी घसा खाकरला. केस अजून जिवंत आहे आणि आता ती खऱ्या कागदांवरच लढवली जाईल, असं काहीतरी भारदस्त सांगायचं होतं.

“वकीलसाहेब,” बाई वाकत म्हणाल्या, “एवढी पिशवी धरता का जरा? चपलेचा अंगठा निघालाय.”