पहिल्या ओळीतलं श्री

मित्रांनो, मी एक जुना ब्राउझर आहे. लष्कर नावाच्या पेठेतल्या एका वाचनालयाच्या संगणकात माझं बिऱ्हाड. वेबपानाचा कोड वाचायचा आणि पडद्यावर पान मांडायचं, हे माझं काम.

पान हाती आलं की मी आधी अगदी वर बघतो. तिथं डॉक्टाइपची, म्हणजे पानाचा प्रकार सांगणारी, ओळ असली, तर पान नव्या नियमांनी मांडतो. नसली, तर ते जुन्या काळातलं समजून जुन्याच रीतीनं. बाकी चुका मी पोटात घालतो. टॅग, म्हणजे कोडातली एखादी खूण, बंद करायला कुणी विसरलं, तर गुपचूप बंद करून टाकतो. "किती गुणी हो!" असं माझं कौतुकही व्हायचं.

त्या वर्षी लष्कराचं आणि त्याच शहरातल्या थाटीपुर वस्तीचं वाचनालय एक व्हायचं ठरलं. बाळ झोपलं की आमची सभासद शरयू दोघांचं मिळून नवं पान लिहायला बसे. म्हाताऱ्या डोळ्यांसाठी अक्षरं मोठी ठेवली. लष्कराचे सभासद साध्या ओळींत, थाटीपुराचे तक्त्यात. रविवारी सभेत पान दाखवायचं आणि एकीकरणावर सह्या करायच्या.

पान उघडलं, तर काय! लष्कराची नावं ठसठशीत, थाटीपुराची मुंगीएवढी!

"ये क्या बात हुई?" थाटीपुराच्या मंदाताई कडाडल्या. "आत्तापासूनच आम्ही बारीक? चला गं, सह्या नाही व्हायच्या!"

शरयू पांढरीफटक पडली. "काकू, खरंच सांगते, कालपर्यंत सगळं बरोबर होतं!" तिनं कोड उघडला. डॉक्टाइपच्याही वर लिहिलं होतं, ॥ श्री ॥

"हे कुणी लिहिलं?"

"मी. आज सकाळी," आमचे चिटणीस सदाशिवराव म्हणाले. "श्रीशिवाय कागद सुरू करतात का?" मग त्यांनी पडद्याकडे पुन्हा पाहिलं. "म्हणजे... बेटा, देवाच्या नावानं बिघडलं?"

मित्रांनो, हादरलो तो मी! वर आधीच अक्षर दिसलं, म्हणून खालची डॉक्टाइप मी धरलीच नाही. पान जुनं समजलो. जुन्या रीतीत तक्त्याबाहेर ठरवलेला अक्षरांचा आकार तक्त्यातल्या नावांना लागत नाही. पण हे मी कुणाला सांगितलं का? नाही. नेहमीसारखा गप्प राहिलो, आणि दोन वाचनालयांची सोयरीक मोडायला निघाली.

शरयूनं श्री पुसलं नाही. ते डॉक्टाइपच्या खाली, पानाच्या माथ्यावर सगळ्यांना दिसेल असं मांडलं. पान पुन्हा उघडलं. मंदाताईंनी चष्मा न लावता आपलं नाव वाचलं.

"वर श्री, खाली मी. ठीक आहे. पेन द्या."

मित्रांनो, आता नवे ब्राउझर आलेत. तेही माझ्यासारखेच, चूक दिसली तरी बोलत नाहीत. म्हणून सांगतो, पान नीट दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका. कोडाची पहिली ओळ एकदा तुम्हीच उघडून बघा.